नाव खोडीन म्हणाले होते

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आई म्हणायची, हिला सासर मिळेल, पण टिकायचं अवघड. सासर टिकलं, नवऱ्यानं माझं बोलणं हसण्यावारी नेलं, सगळं झालं. पण लग्नाआधी त्या जिभेनं मी एक गोष्ट करून ठेवली होती, ती आईला सांगितली नाही आणि नवऱ्यालाही नाही. आता सत्तरी उलटली. कुणी रागावायला उरलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी बी.ए. होऊन घरात बसले होते. आमचं घर मूळचं दुधनीकडचं, वडिलांचं धान्याचं दुकान, घरात कानडी आणि बाहेर मराठी. मुलीनं नोकरी करायची म्हणजे शाळेत, एवढंच त्यांना माहीत. तेवढ्यात परगावच्या कुठल्याशा संस्थेनं सोलापुरात लहान मुलांच्या खाण्यापिण्याचं संशोधन काढलं आणि त्यात मला घेतलं. घरोघर जाऊन पोरांची वजनं करायची आणि रजिस्टरात लिहायची. आईनं विचारलं, "ह्याला पण पगार देतात?" देत होते.

शहराच्या पूर्व भागात विणकरांच्या दोन गल्ल्या निवडल्या होत्या. एका गल्लीतल्या पोरांना रोज पावडरीचं दूध आणि भाजलेल्या डाळीची लापशी मिळायची. दुसऱ्या गल्लीला काहीच नाही. तिथं नुसतं महिन्याच्या महिन्याला वजन करायचं, आणि वर्षानं दोन्हीकडची वजनं शेजारी शेजारी मांडून बघायची. माझ्या वाट्याला ही दुसरी गल्ली आली.

मी आमच्या सरांशी भांडले. म्हटलं, उपाशी पोरं मोजत बसायची हे कसलं काम? सर शांत माणूस. म्हणाले, "एकीकडं काही दिलं नाही, तरच दिल्याचा उपयोग कळतो. कळला तर सरकार उद्या सगळ्यांना देईल." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. माझ्या पदरचे शेंगदाणे-गूळसुद्धा त्या गल्लीत वाटायची बंदी होती. एक सोय मात्र होती. एखाद्या पोराचं वजन लागोपाठ दोन महिने घटलं, तर आपण चिठ्ठी द्यायची. ती दाखवली की मोठ्या दवाखान्यात पोर फुकट दाखल करून घेत. चिठ्ठ्यांचं ते पुस्तक माझ्या पिशवीत असायचं, आणि त्याच्यावरच मी माझ्या मनाची समजूत घालत होते.

माझ्याबरोबर काटा उचलायला एक मावशी होती. पन्नाशीची, त्याच भागात राहणारी, तेलुगू आणि मराठी दोन्ही फाडफाड बोलणारी. गल्लीतल्या बायका तेलुगू बोलायच्या आणि मला त्यातलं अक्षर येत नव्हतं, म्हणून मावशीशिवाय माझं पान हलत नसे. दाराच्या चौकटीला काटा टांगायचा, त्याला कापडाची झोळी लावायची, पोराचे कपडे काढून त्याला झोळीत घालायचं आणि ते भोकाड पसरायच्या आत आकडा वाचायचा. काम एवढंच.

गल्लीच्या टोकाला एक विड्या वळणारी बाई राहायची. माझ्याच वयाची असेल. नवरा पॉवरलूमवर कामाला. मांडीवर तंबाखूचं सूप, अंगावर पाच महिन्यांचा मुलगा, आणि पायाशी दोन वर्षांची मुलगी. मुलगी कधी रडायची नाही. मला ती फार आवडायची. झोळीत बसवली की दोन्ही हातांनी कापड घट्ट धरून माझ्याकडं बघत राहायची.

डिसेंबरात तिचं वजन घटलं. त्या दिवशी माझं डोकं आधीच तापलेलं होतं, सकाळी घरी लग्नावरून वाजलं होतं. ते सगळं मी त्या बाईवर काढलं. "हात बघ हिचे, काड्या झाल्यात. काय घालतेस हिला खायला? विड्यांना वेळ आहे आणि पोरीला नाही? पुढच्या महिन्यात वजन वाढलं नाही तर यादीतनं नाव खोडून टाकीन." नाव खोडायचा मला काडीचा अधिकार नव्हता. तोंडाला आलं आणि बोलले. मावशीला सांगावं लागलं नाही, बाईला तेवढं मराठी कळत होतं. तिनं नुसती मान हलवली.

परतताना मावशी म्हणाली, "लई बोललात की, बाई. ती स्वतः उपाशी ऱ्हाती आन् पोरीला घालती." रात्री जेवण गेलं नाही.

जानेवारीत गेलो तेव्हा मुलीच्या अंगात जाड झबलं होतं. मावशी काढायला लागली, तर तिची आई म्हणाली, "थंडी हाय अक्का, ताप हाय. ऱ्हाऊ दे." नियम कपडे काढायचा होता. पण मागच्या वेळचं बोलणं माझ्या मनाला लागलेलं होतं, म्हटलं राहू दे, झबल्याचं वजन असून असून किती असणार. मावशीला म्हटलं, बाई म्हणते तसं कर. मग त्या बाईनं स्वतःच मुलीला उचलून झोळीत ठेवलं. काटा चांगलाच पुढं गेला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! बाईच्या पाठीवर हात ठेवला, शाबास म्हटलं. ती खाली बघत होती. मला वाटलं, लाजली.

फेब्रुवारीतही तेच. झबलं, ताप, आणि काटा पुढं. मुलीचा चेहरा सुकलेला मला दिसत होता. गालफडं बसली होती. झोळीचं कापड धरायचं तिनं सोडून दिलं होतं. पण काटा वाढ दाखवत होता आणि मी कागदावर वाढ लिहिली. दोन डोळ्यांनी बघितलेलं मी खरं धरलं नाही, हे मला आजही गिळवत नाही.

मार्चमध्ये सोलापूरचं ऊन सुरू झालं. तरी अंगात झबलं होतंच. ह्या वेळी आई उठायच्या आत मावशीनंच मुलीला उचललं, आणि झबल्यातून काहीतरी निसटून फरशीवर ठण्णकन् आपटलं. लोखंडाचा तुकडा होता, मागाला ताण राहावा म्हणून टांगतात तसला. आतून फडक्यात बांधून कमरेशी खोचलेला. शेजारच्या घरात माग चालू होता, त्याच्या खटखटाटात मी वाकून तो तुकडा उचलला.

मग बाई मावशीशी भराभरा तेलुगूत बोलली. मावशीनं माझ्याकडं न बघता सांगितलं, "नाव खोडाल म्हून केलं म्हनती. नाव ऱ्हायलं तर कवातरी आपल्याला बी दूध मिळंल, पलीकडच्या गल्लीवानी, असं तिला वाटलं."

मी झबलं काढलं आणि मुलीला पुन्हा झोळीत घातलं. डिसेंबरात ज्या आकड्यावर माझा तोल गेला होता, त्याहूनही आता वजन पुष्कळ खाली होतं. खरा आकडा मला जानेवारीतच दिसला असता, तर तेव्हाच दुसरा महिना भरत होता. चिठ्ठी तेव्हाच द्यायची होती. मी ती आता लिहिली, टांगा केला आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी मुलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. "आता आणताय? दोन महिन्यांपूर्वी आणायची होती." बाईनं माझ्याकडं बघितलं. मी शिकलेली, मी उत्तर देईन असं तिला वाटलं असणार. मी चिठ्ठी पुढं केली. पाचव्या दिवशी मुलगी गेली.

मी सरांकडं जाऊन सांगितलं की दोन महिन्यांचे आकडे खोटे आहेत. लोखंडाचं सांगितलं. मी काय बोलले होते ते मात्र सांगितलं नाही, तेवढं धाडस झालं नाही. सरांनी रजिस्टर मागून घेऊन ते दोन आकडे बघितले. मग म्हणाले, "वाईट झालं. ती मुलगी हिशोबातून वगळू. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." त्यांनी मला फाडून खायला हवं होतं. त्यांनी चहा मागवला.

एप्रिलमध्ये त्या घरावरून पुढं जायचं मी ठरवलं होतं. मावशी म्हणाली, "न्हाय बाई, तितं जायलाच पायजे. वाट बघत आसंल." बाई दारातच बसली होती. आम्हाला बघून तिनं मांडीवरचं सूप बाजूला सारलं आणि मुलाला पुढं घेतलं. पहिल्यांदा बघितला तेव्हा तो पाच महिन्यांचा होता, आता वर्षाचा होऊन यादीत बसायच्या वयाचा झाला होता. तिनं त्याचं झबलं काढलं, लंगोट काढला. मग कमरेचा करगोटा सोडायला लागली. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला तो काळा दोरा कुठलीही आई असा सोडत नाही. मावशीनं तिचा हात धरला, "अगं, त्यो कशाला?" तिनं हात सोडवून घेतला, गाठ सोडली, आणि उघडंनागडं पोर दोन्ही हातांवर माझ्यापुढं धरलं. पुढून दाखवलं, उलटं करून पाठ दाखवली.

"बघा अक्का, काय न्हाय. खोटं काय न्हाय. ह्याचं नाव लिवा. ह्याचं खोडू नका."

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. त्या यादीत नाव असल्यानं ह्या गल्लीत कुणालाच काही मिळणार नव्हतं, आणि नाव खोडणं कधी माझ्या हातात नव्हतं. मावशी शेजारीच होती, शब्दन् शब्द तेलुगूत सांगितला असता. पण मग मुलगी कशासाठी गेली, हेही सांगावं लागलं असतं.

"नाही खोडत," मी म्हणाले, आणि रजिस्टर उघडून तिच्या मुलाचं नाव लिहिलं.