लोर्नाचं पाणमांजर

माझी थोरली बहीण लोर्ना पक्ष्यांच्या आवाजावरून महिना सांगते, अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढते, आणि मेपलच्या झाडाला रसासाठी भोक कुठं पाडायचं ते खोडावर तळहात ठेवून ठरवते. अपूर्णांक म्हटलं की मात्र ती उठून दुसऱ्या कामाला लागायची. गावच्या शाळेत नववीत असताना तिला अख्खा तास फळ्यापुढे उभं केलं होतं. दहा वर्षांनी त्याच फळ्यापुढे मीही उभा राहिलो, पण मी निगरगट्ट. खडू खात वेळ काढला. लोर्नाला ते जमलं नाही. तिनं वर्ष संपायच्या आत शाळाच सोडली.

म्हणून तिच्या मुली शाळेत गेल्याच नाहीत. टॅबिथा दहाची, जूनी सातची. पेन्सिल्व्हेनियाच्या आमच्या डोंगराळ टोकाला यात नवल काही नाही. दर तिसऱ्या घरात स्वयंपाकघरातल्या टेबलावर शाळा भरते. इतिहास लोर्ना कणीक मळताना सांगते, त्यामुळे आमच्या पोरींच्या डोक्यात सगळ्या लढायांना ताज्या पावाचा वास आहे. गणित मात्र तिनं परक्याच्या हाती सोपवलं होतं. टॅबलेटमधलं एक निळं पाणमांजर. उत्तर बरोबर आलं की ते पाठीवर तरंगत टाळ्या वाजवायचं आणि पुढची पायरी उघडायचं. चुकलं की नुसतं मिशा हलवत थांबायचं.

"मला शिकवणाऱ्या बाईंनाही मिशा होत्या," लोर्ना म्हणायची, "पण त्या थांबायच्या नाहीत."

यंदा हिवाळाभर त्या घरात काहीतरी बिनसलं होतं. टॅबिथा टॅबलेट पुढ्यात घेतला की रडायची. कधी न पाहिलेली गणितं समोर यायची, जणू कुणी रात्रीतून पुस्तकाची पानं फाडून नेत होतं. आणि जूनी न्याहारीच्या वेळी सांगायची, "पाणमांजर पहाटे उठतं. मी टाळ्या ऐकल्या." तिला भुतं, देवदूत आणि बोलका ससा असं सगळंच दिसतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

मार्चमध्ये मेपलचा रस उतरायला लागला. मी रस आटवायच्या खोपटीत पोचलो तेव्हा लांबलचक कढईतून वाफ वर जात होती आणि छताच्या फटीतून आलेलं ऊन त्या वाफेत दुधासारखं तरंगत होतं. खोपटीत माणसं आधी आवाजानं कळतात, मग दिसतात. टॅबिथाचा आवाज आला.

"मला नाही जमणार, आई. माझं डोकंच गणिताचं नाही. तुझ्यासारखं आहे."

वाफेपलीकडे लोर्नाची पळी कढईवर आपटायची थांबली. मेमध्ये मिसेस क्विगली यायच्या होत्या. निवृत्त शिक्षिका, दरवर्षी मुलींच्या वह्यांची फाइल चाळतात, त्यांच्याशी गप्पा मारतात आणि अभ्यास होतोय म्हणून सही देतात. पण लोर्नाला सहीची धास्ती नव्हती, हे मला तेव्हा वाफेतूनही दिसलं. तिचा फळा तिच्या मुलीपर्यंत येऊन पोचला होता.

टॅबिथा लाकडं आणायला बाहेर गेली तशी लोर्ना म्हणाली, "वेस, तू शिकलेला. त्या यंत्रात बघ काय बिघडलंय."

"शिकलेला म्हणून बोलावतेस की फुकट म्हणून?"

"तोंड कमी चालव. नाहीतर पाक मिळणार नाही."

मी पालकांसाठीचं पान उघडलं. दोन वर्षांत तिनं ते एकदाही उघडलं नव्हतं, कारण त्यावर शेकडेवारी होती. टॅबिथाच्या नावापुढे रोजच्या धड्यांची यादी होती, वेळेसकट.

"लोर्ना, तुझी लेक नोव्हेंबरपासून रोज पहाटे पाचला अपूर्णांकांचे भागाकार करते?"

ती पळीनं फेस काढत राहिली. फेस संपला तरी काढत राहिली.

"मला वाटलं, धडा जागच्या जागीच राहतो," ती शेवटी म्हणाली. "पुस्तकासारखा. मी वाचला तरी तिला उरतोच ना! तिला अडलं तर सांगता यावं म्हणून बसत होते. आणि मग…" ती लाजली. चौतीस वर्षांची बाई, चूल पेटवायच्या आधी गाऊनवर बसून पाणमांजराच्या टाळ्या घेत होती. "मग मला ते स्वप्नात दिसायला लागलं, वेस. नदीत तरंगत असतं. मी उत्तर सांगते आणि ते नुसतं हसतं. कुणी ओरडत नाही."

म्हणजे बाईसाहेब रोज पहाटे एक पायरी चढत होत्या आणि यंत्र समजत होतं की टॅबिथाच चढली. लेक उठून बघते तो जिना वरून सुरू.

"सोपं आहे," मी म्हणालो. "मी तिला नोव्हेंबरच्या धड्यावर आणून ठेवतो. यंत्र बिघडलं होतं म्हणून सांग. कुणाला कळणार नाही."

लोर्नानं बराच वेळ कढईत पाहिलं. चाळीस बादल्या रस आटतो तेव्हा एक बादली पाक होतो. तिला घाई करायची सवय नाही.

टॅबिथा लाकडं घेऊन आली. लोर्नानं हात पुसले.

"टॅबी, तुझे धडे मी चोरले."

सगळं सांगितलं. पहाट, गाऊन, टाळ्या, आणि नववीतला तो तास, जो मीही तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. मला वाटलं पोरगी आता भडकणार. तिनं टॅबलेट ओढून घेतला आणि यादी वरून खाली पाहत गेली. वाफेनं काच धुरकट व्हायची, ती बाहीनं पुसायची.

"हा भागाकार तू केलास?"

"तिसऱ्या वेळी."

"आणि हा? खाली छेद वेगवेगळे आहेत त्यात."

"तो पाचव्या वेळी. रडले मध्ये एकदा."

"मीसुद्धा त्यावरच रडले!" टॅबिथा जवळजवळ ओरडली. मग यादीकडे, मग आईकडे बघत राहिली. "पण तू तर शेवटपर्यंत गेलीस, आई."

"हो, गेले बाई."

"मग माझं डोकं तुझ्यासारखं असलं तर बिघडलं काय?"

लोर्ना वाफेत दिसेनाशी झाली. पाक उतू जातोय असं काहीतरी म्हणाली. तो जात नव्हता.

संध्याकाळी मी मुलींच्या दोन खात्यांशेजारी तिसरं खातं उघडून दिलं. विद्यार्थ्याचं नाव लोर्ना. टॅबिथा नोव्हेंबरमध्ये परत गेली. मेपर्यंत ती कुठवर येईल ते मिसेस क्विगली बघतील. आता मायलेकी एकाच टेबलावर समोरासमोर बसतात आणि उत्तर झाकून ठेवतात. खातं उघडताना वय विचारलं तिथं जूनीनं सात लिहिलं, म्हणून माझी थोरली बहीण सध्या दुसरीत आहे आणि फार हुशार समजली जाते.