पाखऱ्याच्या नावावर मागितलेली सुई

काय सांगू अन् कुठून सांगू! आधी चहा ओता. आणि हसायचं ते शेवटी हसा; मधेच दात काढलेत तर मी उठून जाईन. माझ्या आयुष्याचं वाटोळं एका सुईनं केलं, आणि ती सुई मला टोचलीसुद्धा नाही. बोला आता!

हल्लीची पोरं बघतो ना मी. आरशासमोर बनियन वर करून उभी. कसल्या कसल्या डब्यातली पावडर खातात, सुया घेतात. स्टेराईड म्हणे! यांना वाटतं हा शोध यांनीच लावला. अरे, तुमच्या बापाचं लग्न ठरायच्या आधी मी त्या सुईच्या मागं लागलो होतो. शाळा माझी चौथीत सुटली, पण येडेपणात मी कुणाला पुढं जाऊ दिलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचं सांगतोय. आमचं गाव काष्टीच्या अलीकडं. माझा बाप, आबा, खोंड वाढवायचा आणि काष्टीच्या बाजारात विकायचा. आबाचा बैल डोळे झाकून घ्यावा, असं त्याचं नाव. त्या वर्षी आमच्याकडं पाखऱ्या होता. काय बैल! वशिंड असं, की वर पोरगं बसवावं. त्याला सरकी, त्याला पेंड, त्याला गूळ, थंडीत त्याला अंडी. आणि मला? मला भाकरी, आणि त्याचं शेण काढायचं काम. मग व्हायचं तेच झालं. पाखऱ्या झाला पाखऱ्यासारखा आणि मी झालो त्याच्या शेपटासारखा.

सदरा घातला तर वाटायचं, खुंटीवर वाळत घातलाय. मिशी म्हणजे कुणी काजळाचं बोट पुसून गेलंय. आवाज असा, की अंधारात हाक मारली तर लोक म्हणायचे, "कोन गं?"

अशात माझ्या लग्नाचं निघालं. मध्यस्थ गेनबा हेडी. हेडी म्हणजे बैलांचा दलाल, पण गेनबा सोयरिकीही जुळवायचा, आणि दोन्हीकडं वर्णन एकच: "अंगानं भरल्यालं, सोभावानं गरीब, लाथ मारत न्हाई."

कोपरगावकडचे बाबूराव म्हणून उसाचे बागायतदार होते. त्यांच्या जोडीतला एक बैल गेला होता आणि धाकटी पोरगी लग्नाची होती. गेनबानं त्यांना सांगितलं, "मालक, बैल आन जावई एकाच दावनीला दावतो. पुढल्या बाजारी काष्टीला या."

पोरगी मी एका लग्नात बघितली होती. पंगतीत बुंदी वाढत होती. माझ्या पत्रावळीपाशी थांबली, माझ्याकडं बघितलं आणि जास्तीची मूठभर बुंदी टाकून गेली. तुम्हाला वाटेल प्रेम. मला वाटलं, माझी मनगटं बघून दया आली. पण ती बुंदी काही डोळ्यांपुढून हलेना. लग्न करीन तर हिच्याशीच, असं मनानं घेतलं. आणि मन असं भरलेलं, अंग मात्र रिकामं!

तेवढ्यात माझा मावसभाऊ शंकर नगरहून आला. दोन वर्षांपूर्वी हा माझ्याच मापाचा होता. आता दारातून आडवा होऊन आत शिरला! दंड मांडीएवढे, मान डोक्याएवढी. मी म्हणलं, "शंकऱ्या, हे कुटनं आनलंस?"

"सुई," तो कानात म्हणाला. "मर्दाच्या अंगात जे असतंय ना, त्याचाच अर्क. मास चढतंय, आवाज जाड हुतोय, मिशी भरती."

"आन टिकतंय का?"

"घेत ऱ्हायलं की टिकतंय."

"आन सोडलं तर?"

"येडाच हायेस. सोडायचं कशाला?"

मग सगळं बाहेर आलं. पाठभर पुटकुळ्या. डोकं असं तापायचं, की यष्टीच्या कंडक्टरची गचांडी धरली होती. बायको माहेरी निघून गेलेली. आणि इकडंतिकडं बघून शेवटी म्हणाला, "वरचं वाढतंय गड्या, पन खालचं... आटतंय."

शहाणा माणूस तिथंच उठला असता. मी काय म्हणालो? "खालचं कोन बघतंय पुढल्या शनिवारी? बाबूराव तर वरचंच बघनार!"

हे माझं डोकं. याच्यावर मी आजवर दिवस काढले.

शंकर म्हणाला, "आजारातनं उठलेल्या मानसाला डाक्टर देत्यात. तुमच्या काष्टीत इचार." मी गेलो. दवाखाना भरलेला. खोकणाऱ्या म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या बाया, बैलाचा पाय पडून अंगठा ठेचलेला एक हेडी. डॉक्टर आत. बाहेर कंपाउंडर, आणि त्याचा आवाज तमाशातल्या नाच्याला लाजवणारा.

मी पुटपुटलो, "मास भरायची सुई मिळंल का?"

"कसलीऽऽ?"

"अंगावर मास चढायची. छाती भरायची. मर्दानी दिसायची."

सगळा दवाखाना खोकायचा थांबला. म्हाताऱ्यासुद्धा!

"कुनाला पायजेल?" कंपाउंडर ओरडला.

आता तुम्हीच सांगा, पंधरा बायांसमोर काय बोलणार? "मला" म्हणू? माझ्या तोंडातून निघालं, "बैलाला!"

"बैलाला? मानसाच्या दवाखान्यात?"

"व्हय. आमच्या पाखऱ्याला. बाजारात दावायचाय. पावनं येनार हायेत."

"बैलाची सुई हितं न्हाई!" असं म्हणून त्यानं मला हाकललं. मी सुटलो. घाम पुसला. वाटलं, काय हुशार मी! अब्रू वाचवली. अंगठा ठेचलेला हेडी माझ्याकडं बघत होता, ते दिसलं. पण कळायला डोकं लागतं.

शनिवार उजाडला. आबानं पाखऱ्याला धुतला, शिंगं रंगवली, झूल घातली. मी दोन सदरे एकावर एक घातले, छाती दिसावी म्हणून.

बाजारात गेलो तर आमच्याभोवती मोकळं मैदान! एरवी पाखऱ्यासारख्या बैलाभोवती मुंग्या लागाव्यात तशी माणसं लागायची. आज लोक लांबूनच बघत, कुजबुजत आणि पुढं जात. एकानं मात्र येऊन पाखऱ्याचं वशिंड दाबलं आणि केस बाजूला सारून सारून बघितलं.

आबा म्हणाला, "काय हुडकतूस रं? उवा?"

"सुईचं भोक," तो म्हणाला आणि गेला.

आबाला काही कळेना. मला कळलं. मी पाखऱ्याच्या आड सरकलो.

इतक्यात गेनबा बाबूरावांना घेऊन आला. बाबूराव म्हणजे पांढरा फेटा, थोडं बोलणं. बैल बघितला, दात बघितले, चालवून बघितला. खूश. मग गेनबानं उपरणं टाकलं. आमच्याकडं भाव तोंडानं होत नाही. उपरण्याखाली हात घालून बोटं दाबतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. आबाचा हात आत, बाबूरावांचा हात आत. मी देवाचं नाव घेतलं.

आणि तो अंगठ्यावाला हेडी बाबूरावांच्या कानाला लागला.

बाबूरावांनी हात बाहेर काढला. आमच्या बाजारात उपरण्याखालनं हात काढणं म्हणजे तोंडावर थुंकणं. माझ्या हयातीत आबाच्या हातातनं कुणी हात काढला नव्हता.

"आबा," बाबूराव म्हणाले, "तुमचं नाव ऐकून एवढ्या लांब आलो. ह्यो बैल सुईनं फुगवल्याला हाय म्हनं."

"कोन म्हनतं?"

"तुमच्याच पोरानं दवाखान्यात सुई मागितली. ज्या घरात बैलाची लबाडी हुती, त्या घरात मी पोरगी द्यायची?"

आबानं पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. "ह्या मुक्या जितराबाची आन! खुराकाशिवाय काय घातलं असंल तर माझा हात झडंल." कुणाचाच विश्वास बसला नाही. मग आबानं माझ्याकडं बघितलं.

तुम्ही काय केलं असतं? गप्प बसलो तर बैल गेला, पोरगी गेली, आबाचं नाव गेलं. बोललो तर... असं वाटलं, जमीन फाटावी आणि पाखऱ्यासकट आत जावं.

"सुई बैलाला नव्हती!" मी किंचाळलो. आवाज फाटला तो फाटलाच. "मला पायजे हुती! बाबूराव बघायला येनार म्हनून!"

अख्खा बाजार माझ्याकडं वळला. एक म्हैस ओरडली तेवढीच.

मग अंगठ्यावाला म्हणाला, "बापाला वाचवाया खोटं बोलतंय."

झालं! खरं बोललो तरी आमचं नशीब असं. गेनबा पुढं झाला, त्यानं माझा सदरा ओढून काढला. खाली दुसरा निघाला. तोही काढला. मग माझा दंड दोन बोटांत धरून सगळ्या बाजाराला दाखवला.

"बघा! सुई टोचायला हितं जागा तरी हाय का? आन हे पोर मागनार न्हाई तर कोन मागनार?"

मंडळी, वकिलानं पुरावे दाखवूनही एवढी खात्री पटवली नसती. सगळा बाजार माना डोलावू लागला. "खरं हाय. खरं हाय. ह्यालाच गरज हाय." अंगठ्यावाल्यानंसुद्धा मान डोलावली.

बाबूरावांनी आबाची माफी मागितली, पुन्हा उपरण्याखाली हात घातला आणि आबा म्हणेल तो भाव कबूल केला. पाखऱ्या विकला गेला!

गेनबानं लगेच विचारलं, "आन मालक, सोयरिकीचं?"

बाबूरावांनी माझ्याकडं बघितलं. मी उघडा, दोन्ही सदरे छातीशी धरलेले.

"पोरगं खरं बोललं," ते म्हणाले. "बारीक असल्याचं मला काय न्हाई. माझा थोरला जावई ह्याच्यापरीस काडी हाय, सोन्यासारखा मानूस. पन आबा, आता ह्या बाजारात आमच्याकडची मानसं हायेत. उद्या गावात इचारतील, जावयाला मर्दानी दिसायची सुई कशाला लागती? मी काय सांगू? आन पोरगी काय सांगंल?"

म्हणजे बघा! मी होतो तसा त्याला चालत होतो! नुसता उभा राहिलो असतो, तोंडाला दावं बांधून, तरी लग्न ठरलं असतं. पाखऱ्या नाही का, एक अक्षर न बोलता पसंत पडला!

घरी पायीच निघालो. बैल विकला तरी दावं द्यायचं नसतं, ते आबाच्या खांद्यावर होतं. वाटभर आबा डोळे पुसत होता. मला वाटलं, माझ्यासाठी. जवळ जाऊन म्हणलं, "आबा, जाऊ द्या, दुसरी मिळंल."

आबा म्हणाला, "तसलं वशिंड परत न्हाई मिळायचं."

दारात आई पाण्याचा तांब्या घेऊन उभीच होती. "ठरलं का?"

"ठरलं," आबा म्हणाला. "पाखऱ्याचं."

"आन ह्याचं वो?"

आबानं खांद्यावरचं दावं काढून माझ्या गळ्यात टाकलं.

"ह्याला माघारी आनला. गिऱ्हाईकच लागंना."