मुदतीआधी माजी

अक्षराची माफी आधीच मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि तेव्हाही गुरुजी माझी पाटी बघून विचारायचे, "हिच्यावरून कोंबडी चालून गेली का गं?" शुद्धलेखनाचं तर विचारूच नका. वेलांटी जिकडे दिसायला बरी वाटते तिकडे मी देते. ही वही लेकीची आहे. मागची पानं कोरी राहिली म्हणून घेतली. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण एका शब्दाने मला पाच वर्षं छळलं, तो एकदा नीट लिहून टाकावा असं फार दिवस मनात होतं.

पिंप्राळ्यात आमचं फोटो फ्रेमचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. आमचे हे लाकडी पट्ट्या कापायचे. मी काचा पुसायची, मागचा पुठ्ठा बसवायची, बारीक खिळे ठोकायची. गिऱ्हाईक आलं की मी आत जायची. कामं ठरलेली होती : देव, लग्नाचे फोटो, वारलेली माणसं आणि दर पाच वर्षांनी राष्ट्रपती.

नवे राष्ट्रपती आले की शाळा आणि कचेऱ्या जुनी फ्रेम घेऊन येत. आम्ही जुना फोटो काढत नसू, त्याच्यावरच नवा ठेवत असू. मागे जाडी येते, काच खडखडत नाही. एकदा एका जुन्या शाळेची फ्रेम मी उघडली, तर एकामागे एक सगळे निघाले, सगळ्यात खाली पहिले. ते दोन मुदती बसले होते, म्हणून त्यांचा कागद सगळ्यात पिवळा. कुणी टोपीवाले, कुणी पागोटेवाले, कुणी चष्मा लावलेले. हे म्हणाले, यातले दोघं मुदत पुरी व्हायच्या आधीच देवाघरी गेले. मधल्या दिवसांत ज्यांनी नुसतं काम सांभाळलं, त्यांचा फोटो कुणी लावलाच नाही. घर सांभाळायचं आणि फोटोत नसायचं, हे मला लगेच समजलं. देशाचा एवढाच इतिहास मला येतो, तोही मागून पुढे.

मग आठवे आले. चोपड्याकडचे एक मुख्याध्यापक आसपासच्या चाळीस शाळांची ऑर्डर एकत्र घेऊन आले. एवढं मोठं काम आम्हाला कधी मिळालं नव्हतं. फोटो प्रेसमध्ये छापून घ्यायचा होता, खाली नाव आणि एक ओळ. ती ओळ सरांनी चिठ्ठीवर घाईत लिहून दिली : भारताचे मा. राष्ट्रपती. यांचे हात पॉलिशने भरलेले होते. हे म्हणाले, "प्रेसवाल्यासाठी चांगल्या कागदावर उतरवून दे."

मी उतरवू लागले आणि त्या 'मा.'पाशी अडले. एवढा मोठा माणूस, आणि त्याच्यापुढे अर्धाच शब्द? माझ्या माहेरी एक माजी सरपंच होते. माझ्या जन्माआधीपासून ते माजीच. लग्नपत्रिकेत त्यांचं नाव सगळ्यांच्या वर असायचं, मांडवात पहिली खुर्ची त्यांची, पहिला नारळ त्यांच्या हातात. साध्या सरपंचाला कुणी विचारत नसे. मला वाटलं, गुरुजी, बापूजी, तसंच हे माजी. मानाचंच काहीतरी. मी शब्द पुरा केला. कागदावर माझ्यापरीने सुंदर अक्षरात लिहिलं : भारताचे माजी राष्ट्रपती.

प्रेसवाल्याने जे दिलं ते छापलं. यांनी फोटोचा रंग बघितला, ओळ नाही बघितली. काचा आम्ही धुळ्याच्या चाचांकडून उधारीवर आणल्या होत्या, नऊशे रुपयांच्या. चाचांचं काचेचं दुकान यांच्या वडिलांच्या वेळेपासून ओळखीचं. चाळीस फ्रेमा झाल्या, पेंढ्यात बांधल्या, टेम्पोने चोपड्याला गेल्या.

संध्याकाळी टेम्पो भरलेलाच परत आला. हे दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बठ्ठा माजी शेतस! सगळेच्या सगळे माजी!"

मी म्हटलं, "हो. मग?"

"मग? सर काय म्हणाले माहीत आहे? शपथ घेऊन महिना नाही झाला आणि तुम्ही त्यांना घरी बसवलंत!"

"पण माजी म्हणजे मोठेच ना?"

हे पायरीवर बसले. रागावतील असं वाटलं, पण त्यांना हसू आवरेना. "अगं, ज्याची खुर्ची गेली तो माजी."

"आणि आमच्या गावचे सरपंच?"

"त्यांची केव्हाच गेली, तुझ्या जन्माच्या आधी."

मी काचेचं फडकं तोंडावर धरलं. माहेरच्या एवढ्या मोठ्या माणसाची खुर्ची एका वाक्यात गेली, आणि माझ्या अंगावर चाळीस राष्ट्रपती आले.

फोटो पुन्हा छापले, या वेळी 'मा.' तसंच ठेवून. शाळांचे पैसे दुसऱ्या छपाईत आणि फुटलेल्या काचांत गेले. चाचांचे नऊशे तसेच राहिले. मी यांना सांगितलं, "चूक माझी आहे, ते पैसे मी फेडीन." हे म्हणाले, "फेड, फेड. तुझ्याकडे पाच वर्षांची मुदत आहे." चुकीचे छापलेले चाळीस कागद त्यांनी जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले. "फेकू नको," म्हणाले, "आज ना उद्या खरे ठरतील."

त्या दिवसापासून मी लिहिणं सोडलं. दुधाचा हिशोबसुद्धा भिंतीवर रेघा मारून ठेवायची. उडदाचे पापड लाटून दोन वर्षांत तीनशे दिले. मग लेकीला टायफॉईड झाला, आणि सहाशेचा आकडा हलेना. चाचांनी कधी मागितले नाहीत, हेच वाईट. मागितले असते तर मला रागावता तरी आलं असतं. हे काचा आणायला गेले की चाचा चहा मागवत आणि विचारत, "माजी राष्ट्रपती काय म्हणतात? तब्येत ठीक?" आणि हे तो निरोप घरी येऊन जसाच्या तसा सांगत.

माळ्यावरचं बोचकं बघून मी वर्षं मोजायची. चार झाली तेव्हा यांनी जेवताना सहज म्हटलं, "तेच पुन्हा बसले तर? पहिले नव्हते का बसले दोनदा?"

माझा घास तोंडातच राहिला. मग आमच्या गल्लीत राष्ट्रपतींच्या निवडणुकीसाठी रेडिओला कान लावून बसणारी मी एकटीच. देवापुढे मागताना लाज वाटायची. त्या भल्या माणसाने माझं काय वाईट केलं होतं? मी म्हणायची, देवा, त्यांना शंभर वर्षं आयुष्य दे, पण घरी दे.

नववे निवडून आले त्या दिवशी मी शेजारी गूळ वाटला. शेजारच्या अक्का म्हणाल्या, "काय गं, कोण पास झालं?" मी म्हटलं, "पास नाही, एक जण रिटायर झाले." त्यांना वाटलं, माझे मामा.

पण नुसते खरे ठरून कागद विकले जात नाहीत. महिनाभर बोचकं माळ्यावरच होतं. मग एके दुपारी तेच मुख्याध्यापक आले, हातात स्वतःचा निरोप समारंभाचा फोटो घेऊन. हे लाकूड आणायला गेलेले. आत पळावं तर सर मला बघून चुकले होते.

"बाई, ते मुदतीआधी माजी केलेले आहेत का अजून?"

मी मानेनेच हो म्हटलं आणि माळ्याकडे बोट दाखवलं.

सर खुर्चीवर बसले. म्हणाले, "नव्यांच्या फ्रेमा बसतीलच. पण मागच्यांना नव्याच्या पाठीमागे कोंडायचं, हे मला आता बरं वाटत नाही. आता म्हणजे, मी स्वतः रिटायर झाल्यापासून." आणि हसले. "सगळ्या शाळांत मागच्यांची रांग लावायची असं मी सर्वांना पटवलंय. खाली 'माजी' पाहिजे. गेल्या वेळी तुम्ही बरोबर करून दिलेले फोटो आता चुकीचे झालेत."

चाळीस शाळा, चाळीस कागद. बाकीचे सात आम्ही नव्याने छापायचे. सरांनी आगाऊ रक्कम मोजून दिली, मग स्वतःचा फोटो पुढे केला. "याच्याखालची ओळ तुम्ही लिहा."

पाच वर्षांनी मी लिहायला म्हणून हातात ब्रश धरला. 'माजी मुख्याध्यापक' एवढं लिहायला मला चहा निवेपर्यंत वेळ लागला. वेलांटी थोडी तिरकी आली. सरांनी चष्मा वर करून वाचलं. "या वेळी पुरा शब्द बरोबर आहे," म्हणाले.

फ्रेमा पोचल्या, पैसे आले. हे म्हणाले, "मी देऊन येतो धुळ्याला." मी म्हटलं, "नको." रुमालात सहाशे बांधून मी एकटीच एस.टी.त बसले. पारोळा जाईपर्यंत रुमाल तीनदा चाचपला.

चाचा थकले होते, पण मला बघून उठले. मी रुमाल गादीवर ठेवला. त्यांनी नोटा मोजल्या, वही काढली, आमचं पान शोधून त्यावर आडवी रेघ ओढली.

"बेटी," ते म्हणाले, "आजपासून तू माजी देणेकरी."

मी विचारलं, "म्हणजे खुर्ची गेली ना?"

"गेली. पूर्ण गेली," चाचा म्हणाले, आणि रिकामा रुमाल घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिला.