आत्याची नक्कल

बारावीनंतर मला पुण्यातल्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा हे नक्की काय शिक्षण आहे ते आमच्या गावात, न्हावऱ्यात, मला कुणालाच नीट समजावता येईना. शेजारचे आप्पा म्हणाले, "आर्ट्स म्हंजी आर्ट्सच की. मग शिरूरचं कॉलेज काय वाईट हाय?" मी म्हणाले, तिथं आधी सगळे विषय थोडे थोडे शिकायचे आणि मग त्यातला एक मुख्य निवडायचा. "म्हंजी अजून ठरलंच न्हाई म्हण की," आप्पा म्हणाले.

पप्पांचं मात्र ठरलं होतं. ते शिक्रापूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. मुख्य विषय अर्थशास्त्र, मग बँकेची परीक्षा, असं त्यांनी कामावरच्या लोकांना सांगूनही टाकलं होतं.

नाटकाचा वर्ग मी घेतला तो वेळापत्रकात एक जागा रिकामी होती म्हणून. मला वाटलं, संवाद पाठ करायचे असतील. पाठांतर माझं चांगलं होतं. पण पहिला महिनाभर कुणी एक ओळसुद्धा दिली नाही. काळ्या भिंतींची एक मोठी खोली होती, तिथं आम्ही अनवाणी नुसते चालायचो. शिकवायला एक मॅडम होत्या, बसक्या आवाजाच्या. एकदा त्यांनी मला थांबवून विचारलं, "तू सारखी भिंतीच्या कडेनं का चालतेस? एवढी खोली मोकळी आहे."

 कारण मला राहत्या खोलीवर परतताना लक्षात आलं, आमच्याकडे उसाच्या ट्रॉल्या अंगावर येतात म्हणून लहानपणापासून रस्त्याच्या कडेनं चालायची सवय. दुसऱ्या दिवशी मी ते मॅडमना सांगितलं. त्या इतक्या खूश झाल्या की मला वाटलं, मी काहीतरी मोठा शोधच लावलाय.

मग त्यांनी काम दिलं. ओळखीचं एक माणूस निवडायचं, त्याला नीट बघायचं आणि दहा मिनिटं ते माणूस होऊन दाखवायचं.

मी आत्या निवडली. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. मामा, म्हणजे तिचे यजमान, वारल्यावर ती माहेरी आली आणि आमच्या घराला लागूनच दोन खोल्यांत राहते. कांद्याच्या कामाला जाणाऱ्या दहा-बारा बायकांची टोळी तिच्या हाताखाली आहे. गावात तिची ओळख मात्र नकलांसाठी. सरपंच, एसटीचा कंडक्टर, डेअरीवर दुधाला नाक लावणारा माणूस, सगळे तिच्या अंगात हुबेहूब यायचे. बायका हसत हसत कांदा साठवायची अख्खी चाळ निवडून काढायच्या.

मी वर्गात आत्या केली. तिचं पदर खोचणं, तिची वाक्यं, तिचं कण्हत उठणं. सगळे खदाखदा हसले. फिजिक्स शिकणारा एक मुलगा तर डोळे पुसत होता. मी हवेत होते. हसणं थांबल्यावर मॅडमनी विचारलं, "त्या गप्प असतात तेव्हा काय करतात?"

"त्या गप्प नसतातच, मॅडम."

"कधीच?"

मी आठवून बघू लागले. मॅडम म्हणाल्या, "गणपतीत घरी जाशील ना? ये बघून. परत करू."

गणपतीच्या सुट्टीत मी आत्याबरोबर कामाला गेले. चाळीत साठवलेला उन्हाळी कांदा बाजारासाठी निवडायचा होता. सडका बाजूला, बारीक बाजूला. तासाभरात माझी कंबर गेली. मी का आलेय हे आत्याला आधी सांगितलं नव्हतं. पण दुपारच्या भाकरीच्या वेळी राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं.

"माझी नक्कल केलीस व्हय?" आत्या म्हणाली. "कर बघू हितं."

दहा बायकांसमोर, कांद्याच्या ढिगापाशी, मी आत्या करून दाखवली. कुणीच हसलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "ही कोन म्हनायची?"

तेवढ्यात आत्या उठली. तिनं एक रिकामी गोणी खांद्याला अडकवली आणि माझ्यासारखी चालू लागली. शेणावरून पाय उचलत, नाकावरची केसांची बट मागं सारत, दर दोन शब्दांनी "ॲक्चुअली, ॲक्चुअली" करत. एसटीतून उतरल्यावर घराकडे येण्याआधी मी क्षणभर थांबून ओढणी नीट करते, तेसुद्धा तिनं केलं. मला तर ते माहीतही नव्हतं. बायका हसून हसून लोळल्या. माझे कान गरम झाले. हसूही येत होतं, रडूही.

आत्या माझ्याजवळ येऊन बसली. "तू नुसती कन्हलीस," ती म्हणाली. "माझा उजवा गुडघा धरलाय. म्हनून आधी डावा हात भुईला. मग कंबर वर. मग जराशी वाकूनच ऱ्हाते, चक्कर येती म्हनून. मग सरळ. कन्हन्याचं ध्यान कुनाला असतंय!"

तिनं मला दहा वेळा उठायला लावलं. बायका सूचना देत होत्या. आणि त्या चार दिवसांत मी आत्याला गप्पही पाहिलं. भाकरी झाल्यावर बायका पडायच्या, तेव्हा ती एखादा कांदा हातात घेऊन अंगठ्यानं त्याची वाळलेली साल काढत बसायची. बघायची कुठंच नाही. कुणी हाक मारली की लगेच पहिल्यासारखी.

दुसऱ्या वर्षी मुख्य विषय लिहून द्यायचा होता. मी नाटक लिहिलं आणि पप्पांना फोन केला.  ते म्हणाले, "चौफुल्याकडं जाताना लावणीच्या कलाकेंद्रांच्या पाट्या लागतात. लोक म्हणतील, पोरगी तिकडंच चालली."

"म्हणू देत," मी म्हणाले. "तिथं नाचणाऱ्या बायका आपल्यापेक्षा जास्त मेहनत करतात."

त्यानंतर कितीतरी आठवडे आमचं बोलणं 'जेवलीस का' आणि 'हो'च्या पुढं गेलं नाही.

वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला आपलं काम घरच्यांसमोर सादर करायचं होतं. माझा अर्ध्या तासाचा एकपात्री प्रयोग होता, आत्याचाच. पप्पा येतील असं वाटलं नव्हतं. पण आत्या त्यांच्या मोटरसायकलवर मागं बसली आणि म्हणाली, "तू न्हाई आलास तर मी एकटी कशी जाऊ?" आयुष्यभर एकटी फिरलेली बाई!

प्रयोगात काही गंमत होती, तिथं लोक हसले. मग मी ती दुपारची आत्या केली. हातात कांदा, अंगठ्यानं साल. मग डावा हात भुईला टेकून उठले, वाकून थांबले, सरळ झाले. 

नंतर प्रेक्षकांशी गप्पा होत्या. एका मुलीनं आत्याला विचारलं, "स्वतःला असं बघून कसं वाटलं तुम्हाला?"

"ही मी न्हाई," आत्या म्हणाली.

ती मुलगी माझ्याकडे बघू लागली.

"ही आमची आई हाय," आत्या म्हणाली. "अशीच उठायची. अशीच बसायची, भाकरी झाल्यावर. मला वाटायचं, मी माझ्या गुडघ्यानं अशी उठते." ती पप्पांकडे वळली. "व्हय का न्हाई रं?"

माझी आजी माझ्या जन्माच्या सहा वर्षं आधीच वारली. घरात तिचा एकच फोटो आहे, त्यात ती ताठ उभी आहे. मी तिला कधी चालताना, उठताना पाहिलेलंच नाही.

पप्पा मान खाली घालून बसले होते. सगळे त्यांच्याकडे बघतायत हे त्यांना कळलं. ते मला म्हणाले, "परत उठून दाखव."

मी खाली बसले आणि परत उठले.

"हळू," पप्पा म्हणाले. "आई यापरीस हळू उठायची."

मी हळू उठले. पप्पांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसला. आत्या पहिल्यांदाच कुणाची नक्कल न करता, काही न बोलता इतक्या लोकांत बसली होती.

त्या दिवशी पप्पांनी मला शाबासकी दिली नाही, परवानगीही दिली नाही. कॉलेजबाहेर आम्ही तिघांनी वडापाव खाल्ला. आत्यानं मॅडमच्या बसक्या आवाजाची नक्कल केली. निघताना गाडीला किक मारता मारता पप्पांनी विचारलं, "ह्यात मास्तरकी मिळती का?"

"मिळते, पप्पा."

"मग बघ."

ती मिळायला पुढं तीन वर्षं लागली. आता दौंडमधल्या एका शाळेत मी नाटक शिकवते. न्हावऱ्याहून रोज जाणं जमत नाही, म्हणून स्टेशनजवळ खोली घेतली आहे. पप्पा महिन्यातून एकदा येतात. पोरं तालीम करत असली की मागच्या बाकावर बसून राहतात, आणि तालीम संपल्यावर मुख्याध्यापकांना भेटून, मला न विचारता, वर्गाला मोठी खोली मागतात.