माझ्याविरुद्धची फिर्याद, माझ्याच अक्षरात

वाचनालयाच्या मंडळींनो, चौकीवरून सोडल्याबरोबर हा कागद फळ्यावर मीच लावलाय. बाहेर उलटसुलट ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

परवा बँकेच्या पायरीवर आष्टीचा म्हणवणारा एक माणूस चेक घेऊन उभा होता. "मास्तर, मला सही येत न्हाई. अंगठा बघून आतले लोक परत धाडून राह्यले. तुम्ही काढून द्या ना." मी चेकमागं सही केली, पैसे घेतले अन् सगळेच्या सगळे त्याच्या हातात ठेवले. त्यानं माझे पाय धरले!

आज पोलीस मला भर वर्गातून चौकीवर जमादारांपुढं घेऊन गेला. चेक मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका आडत्याकडून चोरलेला निघाला; तो आडत्याही तिथंच बसला होता.

"मला बिलकुल माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"ते कोर्टात सांगा," जमादार म्हणाले. "चोरीचा आहे हे माहीत असून वटवला असं ठरलं, तर तीन साल कैद. सही तर तुमचीच हाय."

त्या माणसाचं साधं नावही मी विचारलं नव्हतं.

मंग जमादारांनी कोरा कागद माझ्याकडं सरकवला. "आता सगळं मराठीत लागतं. माझी उमर उर्दू लिहिण्यात गेली. आडते सांगतील तशी फिर्याद तुम्हीच लिहा, जल्दी."

अन् मी लिहिली! आडत्यानं माझं नाव चुकीचं सांगितलं, तेही मीच दुरुस्त केलं.

"अक्षर झकास हाय, मास्तर. लिहिणारा म्हणून खाली सही करा."

केली.

मंडळी, गावाची पोरं मी शिकवतो. मला 'नाही' म्हणायला कोण शिकवणार?