भिंतीपलीकडची मड्डम

माझ्या शेजारणीने मला जेवढे धक्के दिलेत तेवढे ह्या देशानेही दिले नाहीत, आणि ह्या देशाने काही कमी दिलेत असं नाही. ती इथे लंडनजवळ वॉटफर्डला आमच्या शेजारी राहायला आली त्याच आठवड्यात भिंतीपलीकडून एका मड्डमचा आवाज यायला लागला. असा खानदानी, की मी ह्यांना म्हटलं, अहो, कोणी बड्या घरची गोरी बाई आलीय, आणि पडदे धुवायला काढले. पडदे वाळायच्या आत दारात उभी कोण, तर माझ्या लेकीच्या वयाची उंच काळी मुलगी, कमरेपर्यंत बारीक बारीक वेण्या, हातात तिखट लाल भाताचा डबा. "आंटी, मी शेजारची." आईवडील नायजेरियाचे, ही जन्माने लंडनची, त्यांच्यातही मोठ्या बाईला नावाने हाक मारत नाहीत. मड्डम कुठेय, मी विचारलं. म्हणाली, मीच ती, तो माझा फोनवरचा आवाज. माझ्या नेहमीच्या आवाजात फोन केला की साहेब मीटिंगमध्ये असतात, ह्या आवाजात केला की लगेच भेटतात. मी बघतच राहिले.

बँकेतली चांगली नोकरी सोडून हिने काय काढलं, तर वेण्या वाळवायचं यंत्र. इथल्या दमट हवेत ओल्या वेण्या दिवसभर वाळत नाहीत, म्हणून गरम हवा खेळवणारी फुगीर टोपी. ती करायची घरामागच्या शेडमध्ये आणि तपासायची माझ्या डोक्यावर, कारण माझे केस लांब आणि तेलकट, म्हणजे अवघड परीक्षा. मी पोळ्या लाटत असले तरी मागच्या दाराने येऊन टोपी चढवायची. एकदा मी तशीच दार उघडायला गेले, तर पोस्टमन सही न घेताच पार्सल ठेवून पळाला. एकदा टोपी चालू करताच आमच्या घरातले दिवे गेले, तर ही खूश; म्हणाली, बरं झालं तुमच्याकडे झालं, गिऱ्हाइकाकडे नाही.

पण शेडमध्ये किती टोप्या होणार? कारखान्यात करून घ्यायच्या तर पैसे घालणारा माणूस हवा, नाहीतर पुन्हा बँकेत जाऊन बसायचं. फोनवर सगळे गोड बोलायचे, समोर बघितलं की थंड व्हायचे. शेवटी एक गृहस्थ त्या आवाजावर इतके खूश झाले, की स्वतः हिच्या घरी आले. मी टोपी घालून नमुना म्हणून सोफ्यावर बसलेले. हिने दार उघडलं. त्यांनी कोट काढून हिच्या हातात दिला आणि सांगितलं, मॅडमना कळवा मी आलोय.

मी सोफ्यावरून अर्धी उठले. ही मात्र शांतपणे कोट टांगून, चहा घेऊन आली. मी खुणा करतेय, ही माझ्याकडे बघेचना. गृहस्थ भले होते हो. टोपी चाचपली, हवेत हात धरला, नळ्या निरखल्या, आणि कौतुकाने म्हणाले, फार हुशारीचं काम आहे, मी मॅडमना हो म्हणणार आहे. तेव्हा ही समोरच्या खुर्चीवर बसली आणि त्या फोनवरच्या आवाजात म्हणाली, "मग, सुरुवात करूया?"

माणूस कानापासून मानेपर्यंत लाल झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. माफी मागून झाली, आणि मग सुरू झाले प्रश्न: हे डिझाइन कोणाचं, तुमच्या पाठीशी अनुभवी कोणी आहे का. तोवर त्यांना एकही शंका नव्हती. पुढच्या आठवड्यात ईमेल आली, यंत्र उत्तम, पण सध्या जमणार नाही.

ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मी चिडूनच म्हटलं, अगं, दारातच का नाही सांगितलंस? कशाला ते नाटक?

"दारात सांगितलं असतं तर तो म्हणाला असता यंत्रात काहीतरी कमी आहे. सगळे तेच म्हणतात, आंटी, आणि मी घरी येऊन ते उघडून बसते, चूक शोधत. मला एकदा खरं ऐकायचं होतं."

मी तव्यावरची पोळी तिच्या ताटात टाकली, तूप जरा जास्तच सोडलं. तिने एक घास मोडला. मग ताटाकडे बघतच म्हणाली, "चूक असती तर बरं झालं असतं. दुरुस्त केली असती मी."