पल्लवीची जट

सुंद्रव्वा दुपारी कधी झोपत नाही. बिड्या वळणाऱ्या बाईला ती चैन परवडत नाही. पण आज पानांचं सूप मांडीवर तसंच ठेवून ती भिंतीला टेकली आहे आणि पापण्या जड होत आहेत. शेजारी चटईवर तिची पोर पल्लवी निजली आहे. पोर टायफॉइडातून नुकती उठली, आजारपणात केसांना फणी लागली नाही आणि मानेवर मनगटाएवढा गुंता झाला. गल्ली लगेच म्हणाली, जट आली, यल्लम्माचं बोलावणं आलं. जट कापली तर घरातलं माणूस जातं. म्हणून येत्या मंगळवारी पल्लवीच्या गळ्यात मणी बांधून तिला देवीला सोडायचं ठरलं आहे. कायद्याच्या भीतीनं देवीच्या डोंगरावर नाही, घरातच, दार लावून. सुंद्रव्वानं होकार दिला आहे, आणि तेव्हापासून तिला अन्न गोड लागत नाही.

चुलीपाशी आई बसली आहे. निलव्वा, जाऊन कितीतरी वर्षं झालेली. कपाळभर भंडारा, गळ्यात लाल-पांढरे मणी. भ्यायला हवं, हे सुंद्रव्वाला सुचतच नाही.

"माझी जोगव्याची परडी कोन उचलंना झालंय," आई म्हणते. "पोर दे."

"मला दिलीस की. येवढ्यानं भागलं न्हाई?"

आई आपलं जुनं पुराण लावते. तिच्या काळी पालखीपुढे जोगतीण नाचायला लागली की गाव बाजूला सरायचं. देवीची बाई कधी रांडाव होत नाही, म्हणून गावच्या देसायांच्या लेकींची लग्नातली डोरली तिनंच ओवायची. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच सुंद्रव्वाचं डोकं फिरतं. तिच्या वाट्याला आले ते पोरांचे खडे. लग्नघरात तिला मांडवाबाहेर बसवतात आणि तीच माणसं अंधार पडला की दार ठोठावतात.

"दिवसा डोरलं ओवलंस," ती म्हणते, "आन रातच्याला देसाई आला तवा भाईरनं कडी तूच घातलीस."

आई तिच्या थोबाडीत मारते. सुंद्रव्वा पडते ती देवळाच्या फरशीवर. दोन बायकांनी तिचे हात दाबून धरले आहेत, चौंडकं कान फाटेस्तोवर वाजतं आहे. पोरीचं ओरडणं बाहेर जाऊ नये म्हणून ते वाजवतात, हे तिला लहानपणी कळलं नव्हतं. आता कळतं, कारण ओरडते आहे ती पल्लवी. आईनं पोरीची जट मुठीला गुंडाळली आहे आणि ती तिला पायऱ्यांवरून फरफटत नेते आहे. डोकं पायरीपायरीवर आपटतं. पायऱ्या तंबाखूच्या वखारीत उतरतात, तिथं पोत्यांवर पुरुष बसले आहेत. कुणालाच घाई नाही.

सुंद्रव्वा आईच्या दंडाचा लचका तोडते. आई सोडत नाही. ज्या तोंडानं आईनं तिला घास चावून भरवला, त्या तोंडावर ती बुक्क्या मारते. दात पडतात, तरी मूठ सुटत नाही. मग सुंद्रव्वाच्या हातात पानं कापायची कात्री येते आणि ती आईच्या मनगटावर चालवते, पुन्हा पुन्हा. रक्त येत नाही, नुसता भंडारा सांडतो.

"कापलीस तर कोन तरी मरंल," आई शांतपणे सांगते.

"तूच मर. येकदा मेलीस ती पुरली न्हाई."

किंकाळीनं तिला जाग येते. दारातून ऊन आत आलं आहे, पानं जमिनीभर सांडली आहेत. पल्लवी कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसली आहे, तिच्या कानामागून रक्ताचा ओघळ गळ्यावर उतरतो आहे. केस एका बाजूनं वेडेवाकडे तुटले आहेत. पोर मानेवर हात फिरवून पाहते, आणि रडायचं विसरून विचारते,

"आई, आता कोन मरनार?"

सुंद्रव्वाला खरंच माहीत नाही.

"मरायचंच आसंल कुनी तर मी हाय," ती म्हणते. "तू तोंड धू. मंगळवारी शाळंला जायाचं."

उठून पोरीला जवळ घ्यावं म्हणून ती मूठ उघडू बघते. बोटं सुटत नाहीत. मुठीतली जट अजून पोरीच्या अंगासारखी गरम आहे.